ट्रॉलीबस आणि आमरसाचा डबा

मंडळी, लहानपणी मी मुंबईत ट्रॉलीबसनं फिरले आहे. टपावरचा दांडा विजेच्या तारेवरून निसटला की निळ्या ठिणग्या उडायच्या. परवा इथं ग्रुपवर हे लिहिलं, तर शेजारचे काळे म्हणाले, "काकू, ती ट्राम असेल."

काल आमच्या छावणीतल्या, म्हणजे कँटोन्मेंटमधल्या, विजेच्या खांबावर तशाच ठिणग्या दिसल्या. काळेंना सांगितलं.

"काकू, तुम्हालाच बऱ्या ठिणग्या दिसतात."

मी घरी येऊन मेन स्विच बंद केला. आज सकाळी त्यांचा फ्रिज जळाला, माझा वाचला, आणि ते आमरसाचा डबा माझ्या फ्रिजमध्ये ठेवायला घेऊन दारात.

"आधी ग्रुपवर लिहा, ट्रॉलीबस होती."

त्यांनी लिहिलं, "बहुतेक होती."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर चूक कबूल होईपर्यंत बाहेर उभं ठेवायच्या. 'बहुतेक' जाईपर्यंत डबा पायरीवर, उन्हात. माझं काही चुकतंय?