बॉट ठरलेल्या कानडे बाई

“बॅन उठवायचा नाही, बता रहा हूँ,” विनीत भियांनी बजावलं. ते आमचे टीम लीड; इंदुरात ‘भैया’चं ‘भिया’ होतं.

मी इंदूरच्या एका गेम कंपनीत मॅचमेकिंग सांभाळते. ऑनलाइन आलेल्या खेळाडूला त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधून द्यायचा, हे माझं काम. आमचा गेम युद्धाचा, पण बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा. शत्रूचं सैन्य क्षणभर दिसतं, मग धुक्यात जातं.

इंदूरजवळच्या महू गावातल्या एका अकाउंटचं रेटिंग सारखं चढत होतं, आणि माऊस एकदाही हललेला नव्हता. माऊस हलत नाही म्हणजे बॉट, माणसाऐवजी खेळणारा प्रोग्राम. हा नियम मीच लिहिला होता. सिस्टीमने अकाउंट बंद केलं.

मग मेल आला. “मी बॉट नाही. गणिताची निवृत्त शिक्षिका आहे. घरी येऊन बघा. सुलभा कानडे.”

भिया नाही म्हणाले होते, तरी शनिवारी सकाळी मी महूला गेले. बाईंनी दार उघडलं आणि भिंतीला हात लावत खुर्चीपर्यंत गेल्या. तेव्हा मला कळलं, त्यांना दिसत नाही.

मी त्यांना टेस्ट अकाउंट दिलं आणि माझ्या लॅपटॉपवरून त्यांच्याविरुद्ध खेळायला बसले. त्यांचा मॉनिटर बंदच होता. त्या कीबोर्डवर बोट टेकवायच्या आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर बोलायचा, “घोडदळ, चौथी रांग, सातवं घर.”

“तुमच्या गेममध्ये प्रत्येक घराला नाव आहे, म्हणून जमतं,” बाई म्हणाल्या. “बाकी ठिकाणी हा नुसता ‘बटण, बटण’ करतो.”

ती नावं आम्ही आमच्या टेस्टिंगच्या प्रोग्रामसाठी दिली होती. माणूस डोक्यातच नव्हता.

विसाव्या चालीला त्या म्हणाल्या, “बेटा, तुझ्या तोफा नदीपलीकडे आहेत. सहाव्या चालीला दिसल्या होत्या, मग तू हलवल्याच नाहीस.”

मी स्क्रीनवर पाहिलं. तोफा तिथेच होत्या. मी स्वतः त्या विसरले होते. अख्खं रणांगण या बाईंच्या डोक्यात उभं होतं. थोड्याच वेळात मी हरले.

“अकाउंट मिळेल ना?” त्यांनी विचारलं. “दिवसभर सगळे ‘सांभाळून, सांभाळून’ करतात. इथे कोणी माझी कीव करत नाही.”

सोमवारी ऑफिसमधून मी विनीत भियांना बाईंशी ऑनलाइन खेळायला बसवलं. चौदाव्या चालीला भियांनी हात वर केले.

“गजब है यार,” ते म्हणाले. “उठव बॅन.”

अकाउंट सुरू झालं, नियम गेला. आता बाईंच्या तोडीचा प्रतिस्पर्धी शोधायला आमच्या सर्व्हरला वेळ लागतो.

नियम लिहिताना मी धरून चालले होते की खेळणाऱ्याला दिसतंच. हल्ली बॅन करण्याआधी आम्ही त्या खेळाडूला फोन करतो. पाच मिनिटं लागतात.