पट्टी आधी, गाठोडं नंतर

"परकर वर घे गं," दवाखान्याचा कारभारी म्हणाला. "मांडी दाखव. शेठाणींना बघू दे कशी होती नि कशी झाली."

माझी चंद्री तेरा वर्षांची. जांभळीखाली आमच्या महारवाड्याच्या ओळीत उभी. समोर दवाखान्याचा ओटा. ओट्यावर खुर्च्या. खुर्च्यांवर मुंबईहून आलेली माणसं, गळ्यात झेंडूचे हार. खाली सगळं गाव जमलेलं. चौक गावचे, लोधिवलीचे बाप्ये, पोरं, म्हातारे. चंद्रीनं दोन्ही मुठींत परकर घट्ट धरला आणि माझ्याकडे बघितलं.

लढाईचे दिवस होते. चौकजवळ एका देवस्थानाच्या ट्रस्टनं धर्मार्थ दवाखाना काढला होता. खरं ते सांगते, दवाखाना चांगला होता. त्याआधी ताप आला की भगताकडे धाव, बाई अडली की देवावर हवाला. इथं डॉक्टर होता, नर्सबाई होत्या, औषध फुकट मिळायचं. लाकडं तोडताना चंद्रीच्या मांडीत कोयता घुसला. जखम चिघळली. पोर तापानं बरळायला लागली. तेव्हा याच डॉक्टरनं तिचा पाय वाचवला. त्याचे उपकार मी आजही नाकारत नाही. पण उपकार त्याचे. हार दुसऱ्यांच्या गळ्यात.

दवाखान्याची एक रीत होती. वर्धापनदिनाला देणगीदार यायचे. बरी झालेली माणसं त्यांच्यापुढं ओळीनं उभी करायची. एकेकानं पुढं यायचं, दुखणं होतं ती जागा दाखवायची आणि म्हणायचं, "देवाच्या नि शेठजींच्या दयेनं बरा झालो." मग पायरीला डोकं टेकायचं. गावातल्यांनी वरच्या पायरीला, आम्ही सगळ्यात खालच्या. नावानं हाक कुणालाच नाही. "मोतीबिंदू, पुढं ये." "गळू, पुढं ये." आमची शेजारीण कोंडाबाई हसून म्हणायची, "माज्या बापानं उगाच बारसं केलं. गळूच ठेवायचं नाव."

दुसरी रीत सेवेची. ज्याच्याकडं पैसा त्यानं देणगी द्यावी, ज्याच्याकडं नाही त्यानं सेवा द्यावी. देणगीदारांची नावं भिंतीवर संगमरवरात कोरलेली. आमची सेवा म्हणजे आधी दगड. जोत्याचे, पायऱ्यांचे दगड आम्ही बायांनी डोंगराच्या खाणीतून डोक्यावर आणले. दवाखाना उभा राहिल्यावर आमची सेवा म्हणजे धुणं. बाळंतिणींचे रक्ताचे कपडे, जखमांच्या पट्ट्या. त्याला वरचं कुणी हात लावत नसे. विटाळ. आम्ही ओढ्यावर धुवायचं, वाळवायचं, गाठोडं बांधून ओट्याच्या कडेला ठेवायचं. नर्सबाई ते चिमट्यानं उचलून उकळत्या पाण्यात टाकायच्या. मग ते शुद्ध. लढाईमुळं कापड मिळत नव्हतं. त्याच त्याच पट्ट्या पुन्हा वापरायच्या. आज धुतलं नाही तर उद्या पट्टी नाही.

तर जांभळीखाली मी म्हटलं, "नाय दाखवायची."

"काय म्हणालीस?"

"जखम डॉक्टरांनी बगितली. आणिक कुणी बगायची गरज नाय."

शेठाणी हसल्या. हसणं प्रेमळ होतं, तेच जास्त लागलं. "अगं, लाजते कशाला? आम्ही काय परक्या? तिच्या आईसारख्याच."

"मग तुमच्या लेकीला आणा नि उभी करा हितं. तिचा झंपर काढा."

कारभाऱ्याचा चेहरा लाल. "फुकटचं औषध खाऊन माज चढलाय. चल, हो बाजूला. उद्यापासून पोरीला पट्टी नाही. पायरीवर डोकं ठेवून माफी मागशील तेव्हाच ये."

डॉक्टर खुर्चीत बसला होता. आपल्या बुटांकडं बघत राहिला.

चंद्रीची जखम अजून भरली नव्हती. वरून कातडी धरलेली, आत ओल. एक दिवसाआड पट्टी बदलावी लागायची. डॉक्टरनंच मला बजावलं होतं, हयगय केली तर पाय पुन्हा जाईल.

संध्याकाळी वाड्यातले म्हातारे माझ्या दारात. "डोकं टेकलं तर झिजतंय का गं? आमी जल्मभर टेकतोय. पोरीच्या पायाचा इचार कर." मी ऐकून घेतलं. ते गेल्यावर चंद्री म्हणाली, "आये, मी दावते मांडी. पाय गेला तर लाकडं कशी आणू?"

तेरा वर्षांची पोर. पायाच्या बदल्यात लाज देऊ करत होती, नि ते तिला रास्त वाटत होतं. इतक्या लहानपणी हा सौदा तिला कुणी शिकवला? आम्हीच. दरवर्षी त्या ओळीत उभं राहून. मी मोतीबिंदूला, गळूला हसत होते तेव्हाही ती माझ्या शेजारी उभी राहून शिकत होती.

मी रडले नाही. विचार केला. त्यांना आमच्याकडून काय लागतं ते बघितलं.

सकाळी ओढ्यावर बायांना सगळं सांगितलं. कोंडाबाईनं हातातली पट्टी दगडावर आपटली. "बंदच करू या त्येंचं धुणं. कुजू दे तितंच."

"बंद नाय करायचं," मी म्हटलं. "बाळंतिणीनं आपलं काय वाकडं केलंय? धुवायचं, वाळवायचं. फक्त गाठोडं वर ठेवायचं नाय."

चंद्रीच्या पट्टीचा दिवस आला. आम्ही बाया दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी जाऊन बसलो. जिचं तिचं गाठोडं मांडीवर. चंद्री माझ्या बाजूला. पट्टीतून पिवळं पाणी झिरपत होतं.

कारभारी बाहेर आला. "गाठोडी ठेवा आणि निघा."

"पट्टी आधी, गाठोडं नंतर."

त्यानं शिपायांकडं बघितलं. "उचला रे ते." कुणी हललं नाही. न उकळलेलं कापड. त्याला हात लावायचा तर घरी जाऊन आंघोळ, आणि घरच्यांना काय सांगायचं?

कोंडाबाईनं आपलं गाठोडं पुढं केलं. "तुमीच घ्या की, कारभारी. आमी काय चावत नाय."

त्यानं हात पुढं केला. मागं घेतला. एवढा मोठा माणूस, आणि त्याचा हात त्याच्याच सोवळ्यानं बांधलेला. मी ते नीट बघून घेतलं.

मग डॉक्टर बाहेर आला. "बाई, आत पट्ट्या संपल्यात. पेशंट खोळंबलेत."

"ठावं हाय. आमीच धुतो त्या."

"मला हुकूम नाही."

"मला बी नाय."

तो कारभाऱ्याकडं बघत होता. मग त्यानं चंद्रीच्या पायाकडं बघितलं. वास त्याच्यापर्यंत गेला असेल. "आत आणा तिला," तो म्हणाला.

"मागच्या दारानं!" कारभारी ओरडला.

मी चंद्रीचा हात माझ्या खांद्यावर घेतला. "ह्या पायऱ्यांचा दगड मी डोक्यावर वाह्यलाय. हितूनच जाणार."

आम्ही चढलो. आत टेबलावर डॉक्टरनं पट्टी सोडली, जखम धुतली. नर्सबाईंनी दार लावून घेतलं. पट्टी पुरी झाल्यावर मी बाहेर येऊन माझं गाठोडं ओट्यावर ठेवलं. मग बाकीच्यांनी ठेवली.

पाय बरा झाला. चंद्री थोडी लंगडते. कारभारी तोच आहे. संगमरवरावरची नावंही तीच. डॉक्टर मला रस्त्यात भेटला की नमस्कार करतो, मी करते. पण त्या दिवशी तो बुटांकडं बघत होता हे मी विसरलेले नाही.

लोक म्हणतात, एवढं होतं तर तो दवाखाना सोडायचा. का सोडायचा? दगड आमचा, पट्ट्या आमच्या हातच्या, आजारी माणसं आमची. जिथं आमचा घाम मुरलाय ते घर आम्ही दुसऱ्याच्या दयेला सोडणार नाही. सेवा हा शब्द मात्र आम्ही टाकला. आम्ही काम करतो. औषध घेतो. दोन्हींसाठी डोकं टेकत नाही.

गेल्या वर्षीच्या ओळीत आमच्यातलं कुणी अंग दाखवलं नाही. दुखण्याच्या नावानं हाक आली तर कुणी पुढं गेलं नाही. यंदाचा वर्धापनदिन तोंडावर आलाय. यंदा आम्ही जांभळीखाली उभ्या राहणार नाही. ओट्यावर जाऊन बसणार, खुर्च्यांच्या रांगेत, चंद्री सगळ्यात पुढं. आम्हाला उठवायचं तर त्यांना हात लावावा लागेल.

बघू कोण लावतो.