शिडाखालचा पावसाळा

बिबीजानच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून शिडं शिवायचं काम तिच्या हातात आलं. विजयदुर्गच्या बंदराजवळ घरापुढच्या खळ्यात शीड पसरून तिचा बाप नुरुद्दीन एका टोकाला बसायचा आणि ही पोर दुसऱ्या टोकाला. तळव्याला चामड्याचा तुकडा बांधून जाड सुई रेटायची, मेण लावलेला दोरा ओढायचा, टाका दाताखाली दाबून बघायचा. लग्न त्याच वाडीत झालं, अलीमियाँ नावाच्या खलाशाशी. बाप गेल्यावर लोक गुपचूप शिडं तिच्याकडे आणून टाकू लागले, आणि बाईमाणसानं हे काम करावं का, हा प्रश्न हळूहळू कुणी विचारीनासं झालं.

एकसष्टच्या मे अखेरीस वादळ झालं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. गलबतं नुकतीच खाडीत वर ओढून घेतली होती, म्हणून तेवढी वाचली. वाडी मात्र उघडी पडली. सकाळी बिबीजान दाराबाहेर आली तर शेजारच्या काशीबाईच्या घरातली चूल रस्त्यावरून दिसत होती. छपरांवरच्या मातीच्या नळ्यांचा चुरा वाटभर पसरला होता. आडव्या पडलेल्या माडांवरून बायका घागरी घेऊन विहिरीकडे जात होत्या, आणि विहिरीत माडांची चुडतं, केरकचरा, एक मेलेलं कोंबडं.

पहिले दिवस विहीर उपसण्यात आणि वाटा मोकळ्या करण्यात गेले. एका चुलीवर पाच घरांची पेज शिजू लागली. पडलेल्या माडांच्या चुडतांची झापं विणून भिंतींच्या बाजू झाकल्या. पण छपराचं काय करायचं? नळे मागावे तर साऱ्या किनाऱ्याचीच घरं उघडी झालेली, कुंभार कुणाकुणाला पुरणार? आणि झापांचं छप्पर समुद्राच्या तोंडावर आषाढातल्या वाऱ्याला टिकलं असतं, असं कुणालाच वाटत नव्हतं.

पावसाळ्यात शिडं मांगरात, होड्यांचं सामान ठेवायच्या खोपीत, पडून असतात. ही गोष्ट वाडीत सगळ्यांनाच ठाऊक होती, पण ती बोलून दाखवली बिबीजाननं. दुपारी सगळे पेज घ्यायला जमले होते.

“शिडां घरांवर घालूया,” ती म्हणाली.

लहान होड्यांवाल्यांनी आपापली शिडं आणून दिली. गणपतनं तर दुसऱ्या कुणी बोलायच्या आधी आपलं जुनं शीड खांद्यावर टाकून आणलं. त्या शिडांनी मोडकी सुटी घरं झाकली जाणार होती. राहिली ती बंदराकडची चार घरं, भिंतीला भिंत लागून असलेली. त्यांतलं एक काशीबाईचं, एक खुद्द बिबीजानचं. तेवढ्यावर एकच शीड पुरलं असतं, गंगाराम तांडेलाच्या गलबताचं. ते गेल्याच हिवाळ्यात तिनंच शिवलं होतं.

अलीमियाँ त्याच गलबतावर कामाला. “तांडेलाक मी इचारूचंय नाय,” तो मान खाली घालून म्हणाला.

“तू नको. मी इचारतंय.”

गंगाराम मांगराच्या दारात उभा राहिला आणि तिथून हललाच नाही. “पावसात शीड भिजत रवला काय कुसतला. मगे श्रावणात गलबत कसा हाकू? त्या गलबतार आठ घरां जगतत. तुजा घरय त्यात इला.”

“तुमचा म्हणणा खोटा नाय, तांडेल,” बिबीजान म्हणाली. “पण शिडाक कातर लावूचंय नाय. आधी ऐनाच्या सालीत उकळून घेतंय, म्हणजे बेगीन कुसूचा नाय, चिखलाक लागाक देवचंय नाय. फाटला तर टाको माजो.”

“नाय म्हणजे नाय.”

ती परत आली. रागावली होती, पण बसून राहिली नाही. जाळी रंगवायचा मोठा हंडा तिनं चुलीवर चढवला, ऐनाची साल कुटून घातली आणि लहान शिडं त्या तांबड्या काढ्यात बुडवायला घेतली. काशीबाई साठीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. तरी ती काठीनं कापड खालीवर करीत राहिली. बिबीजाननं शेजारी दुसरा हंडाही मांडून ठेवला.

“ह्यो कोणाक?” काशीबाईनं विचारलं.

“तांडेलाच्या शिडाक.”

“त्याणी नाय म्हटल्यान मां?”

“आज म्हटल्यान.”

गंगारामची बायको सावित्री विहिरीवर हे सगळं ऐकून होती. दुसऱ्या दिवशी नवरा जेवायला बसला तसं तिनं त्याच्यासमोर पान वाढलं आणि म्हणाली, “शीड मांगरात सुका आणि खलाशी पावसात. ते आजारी पडले तर श्रावणात गलबत कोण हाकतलो? शीड?”

 गंगाराम जेवला, त्यानं हात धुतले आणि मांगराची कडी काढली. आठ जणांनी खांद्यावर घेतलेलं शीड बिबीजानच्या खळ्यात येऊन पडलं. दुसऱ्या हंड्यातला काढा पाजून ते वाळवलं, त्या सकाळी तांडेल स्वतः काथ्याच्या दोरांचं भेंडोळं घेऊन आला.

“तुमच्या गाठी पयल्याच वाऱ्यात सुटतल्या,” तो म्हणाला आणि भिंतीवर चढला.

दिवसभर तो वरून ओरडत राहिला आणि बिबीजान खालून. कुठला कोपरा उंच ठेवायचा, पाणी कुठल्या अंगानं उतरवायचं यावरून दोघांची जुंपली. अलीमियाँ दोघांच्या मधे दोर धरून उभा. संध्याकाळपर्यंत चार घरांवर शीड ताणलं गेलं, कडांना दगड बांधले आणि दोन दिवसांनी पाऊस आला.

शिडाखालचा संसार सोपा नव्हता. आत सगळं तांबूस दिसायचं, माणसांचे चेहरेसुद्धा. थेंबांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओरडून बोलायचे. ओल्या लाकडांचा धूर बाहेर जायला वाट नव्हती. अंथरुणं रोज जागा बदलायची. बिबीजान सकाळी उठली की सुई-दोरा घेऊन घरोघर फिरायची. सुरुवातीला एकटीच. मग गणपतची बायको आनंदी आणि सावित्रीची सून टाके शिकायला बसल्या. काशीबाईला दिसत नसे, ती दोऱ्याला मेण लावायची.

आषाढात एका दुपारी वाऱ्याचा झोत आला आणि मोठं शीड मधोमध हातभर फाटलं. खाली काशीबाईच्या चुलीत पाणी. बिबीजान भिंतीवर चढली. तिच्या उजव्या हाताचं बोट सुई लागून आधीच पिकलं होतं, ते वाकत नव्हतं. तिनं सुई डाव्या हातात घेतली. गंगाराम धावत आला आणि पलीकडून कापड ओढून धरून बसला. पाऊस तोंडावर मारत होता. डाव्या हाताचे टाके वाकडे पडत होते, ती उसवून पुन्हा घालत होती.

“ऱ्हवांदे गो वाकडे,” तो म्हणाला.

“वाकडे सुटतत.”

दोघं काळोख पडेपर्यंत तिथंच होते. खाली उतरल्यावर तांडेलानं फाटलेली जागा खालून चाचपली आणि म्हणाला, “कापड गेला. तुजी शिवण खंय सुटूक नाय.” तिला बोट ठणकत असतानाही बरं वाटलं.

श्रावणात नळे मिळाले आणि शीड उतरलं. गंगारामची भीती अगदीच खोटी ठरली नाही. दोन पट्टे कुसले होते. ते काढून नवे बसवायला वेळ गेला, बाकीच्या होड्या नारळी पौर्णिमेनंतर निघाल्या आणि त्याचं गलबत मागे राहिलं. पहिली खेप हुकली. ते त्यानं पुढे कितीतरी वर्षं बोलून दाखवलं, पण शिडाचं काम दुसऱ्या कुणाकडे नेलं नाही. आठही खलाशी मात्र त्याच्याबरोबर धडधाकट गेले, अलीमियाँसुद्धा.

बिबीजानचं ते बोट पुन्हा पुरतं सरळ झालं नाही. काही वर्षांनी होड्यांना यंत्रं बसू लागली, शिडं कमी झाली, तेव्हा तिनं ताडपत्र्या शिवायला घेतल्या.

पण त्या श्रावणात काम मोप होतं. भिजलेली सगळी शिडं तिच्या खळ्यात येऊन पडली होती आणि मालक रोज चौकशीला येत होते. आनंदी आणि सावित्रीची सून सकाळीच येऊन बसायच्या आणि उजेडाची जागा कुणाची यावरून भांडायच्या.

“दोघीय उठा,” बिबीजान म्हणायची, “ती जागा माजी.” आणि मग शीड पसरायला तिघी मिळून उठायच्या.