बिनखिळ्याच्या चपला

“दुखत नाही म्हंजे काय? आं? दुखत नाही म्हंजे काय?”

सकाळी दवाखाना उघडला की पहिलं हे ओरडणं कानावर यायचं. दुखतं म्हणून ओरडणारे रोगी तुम्हीही पाहिले असतील. आमच्याकडे दुखत नाही म्हणून ओरडणारा ड्रेसर होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. लाखांदूरकडच्या त्या सरकारी दवाखान्यात मी औषधं द्यायचो, तो जखमा बांधायचा. महारोगाने तळपाय बधिर झालेली माणसं त्याच्याकडे यायची. काटा रुतला, चटका बसला तरी त्यांना कळायचं नाही. तळव्याला भोक पडायचं आणि महिनोन्‌महिने भरायचं नाही. रोग्याला डोळे मिटायला लावून तो कोंबडीचं पीस तळव्यावरून फिरवायचा. “कुठं लागलं, सांग.” रोगी गप्प बसला की याचा पारा चढलाच.

एका शेतकरीण बाईच्या तळव्याला सुपारी मावेल एवढं भोक होतं. तो रोज पाय भिजवायचा, कडेचं निबर कातडं पात्याने तासायचा, पट्टी बांधायचा आणि बजावायचा, “चालू नको. हाडापर्यंत गेलं तं नागपूरले पायच कापतीन.”

“धानाचा रोवणा चालू आहे, बाबू. दुखत नाही तं घरी कायले बसू?”

“दुखत नाही म्हणूनच बस! दुखलं असतं तं तुह्या पायानंच तुले बसवलं असतं!”

अशा पायांसाठी तो चांभाराकडून चपला करून घ्यायचा. खाली टायर, वर मऊ रबर, पट्टे शिवलेले. चांभाराने एकदा घाईत खिळे ठोकले. हा पठ्ठ्या त्याच्याच ओसरीवर बसून एकेक खिळा चिमट्याने उपटत होता. “ह्याइले खिळा समजत नाही ना बे! तुले तं समजते!”

चपला देऊनही त्या बाईचं भोक मात्र भरेना. एके दिवशी त्याने तिचे पाय नीट पाहिले. सगळीकडे सारखी धूळ, पट्ट्यांचा माग कुठेच नाही.

“चपला कुठं आहेत?”

तिने थैलीतून काढल्या. एरवी दवाखान्यासमोरच्या झाडाखाली ती त्या घालायची आणि परत जाताना तिथेच काढायची; त्या दिवशी घालायला विसरली होती. “घातल्या की अख्ख्या गावाले रोग समजते, बाबू.”

तेव्हा तो ओरडला नाही. दोन दिवसांनी तो स्वतःच तशा चपला घालून आला.

बाजाराच्या दिवशी हॉटेलवाल्याने त्याला बाहेरच्या बाकावर बसवून कान तुटलेल्या कपात चहा दिला. तो प्याला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला, “अजून एक आण!” मी आत बसलो होतो, माझ्या हातात धड कप होता. मी तो खाली ठेवला नाही. बाई भाजीच्या दुकानापाशी उभी राहून हे बघत होती. पुढच्या बाजाराला ती चपला घालून आली, आणि धान कापणीपर्यंत तिचं भोक भरलं.

मग गावाने अर्ज केला, दवाखान्यात रोगी कामाला ठेवलाय म्हणून. ज्यांच्या घरातल्या गळवांचा पू त्याने काढला होता, त्यांच्याच सह्या. चौकशीला साहेब आले. “पाय दाखव.”

“नाही दाखवत. रोग असता तं काय केलं असतं, साहेब? ह्या रोग्याइले दूर लोटता, तसंच ना?”

साहेबांनी मला विचारलं, याला रोग आहे का. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी बसत होतो. त्याच्या तळव्याला मुंगी चावली तरी तो टुणकन उडायचा, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “मला कल्पना नाही, साहेब.”

त्या गावाचा मला संताप येतो, त्या साहेबाचा येतो. पण माझं ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्याच्या बदलीचा कागद आला. जाण्याच्या दिवशी त्याने माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेल्या चपला ठेवल्या. “घालून पाहा. लय नरम आहेत.” बरोबर माझ्या मापाच्या. माप त्याने कधी घेतलं, मला कळलंही नव्हतं.

दुपारी मी त्याला निरोप द्यायला एस.टी.वर गेलो. वाटेत भर बाजार लागत होता. ती बाई गाडीच्या दारापाशी आधीच येऊन उभी होती, पायात त्याच चपला. त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या पायात माझे जुने बूट होते.

तो ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. तो गाडीत चढला.