रजेवर आलेला माणूस

खुर्चीवर टेकण्याआधी पँटची मागची बाजू झटकायची. नव्या फरशीवर पाऊल पडलं की टाचेने हळूच ठोकून बघायचं, खाली पोकळी आहे का. मोटारीचा आवाज आला की उठून उभं राहायचं. बावीस वर्षं परमुलखात दुसऱ्यांच्या घरी फरश्या बसवून फरशीवाल्याला या सवयी लागल्या होत्या.

यंदा तो कायमचा परत आला. कुणाला खरं वाटेना. जो तो विचारी, "किती दिवसांची रजा?" बायकोनेही तेच विचारलं, तेव्हा त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

"पाहुणा आहे का गं मी?"

गावातले कारागीर एकेक करून परदेशी गेले होते. त्यांच्या पैशांतून घरं उठत होती, पण फरशी बसवायला माणूस मिळत नव्हता. त्याने शेजारच्या गल्लीत एक मोरी करायला घेतली.

संध्याकाळी धाकटा भाऊ तणतणत आला.

"दादा, अब्रू घालवलीस! तुझ्या पोरीच्या होणाऱ्या सासरी सांगितलंय, तू तिकडे साहेब आहेस."

"कुणी सांगितलं?"

"आम्हीच. मग काय सांगायचं, गुडघ्यांवर रांगतो म्हणून?"

"त्याच गुडघ्यांवर हे घर उभं आहे, शहाण्या."

"म्हणूनच म्हणतोय. लग्न होईपर्यंत जा परत. पुढचं पुढे बघू."

फरशीवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. "तू तरी बोल."

"जमलेलं मोडलं तर पोरीने काय करायचं?" ती मान वर न करता म्हणाली.

तिकडचे मालक त्याला मागच्या दाराने आत घेत. इथे सख्खी माणसं पुढच्या दाराने बाहेर काढत होती.

"तिकडे निदान फरशीवाला तरी होतो," तो ओरडला. "तुम्ही तेवढंही ठेवलं नाहीत!"

भावाने धावत जाऊन खिडकी लावली.

"लावतोस कशाला? ऐकू दे गल्लीला, साहेब काय बोलतात ते!"

आतून मुलगी आली. रडून डोळे सुजलेले. "बाबा, हळू बोला ना."

त्याने माळ्यावरची बॅग खाली काढली. त्याच आठवड्यात तो परत तिकडे गेला.

शेजारच्या गल्लीतल्या मोरीत दाराजवळचा कोपरा उघडाच आहे. दोन खिळ्यांना बांधलेलं सूत अजून ताणलेलं. खाली नुसती रेती.