पारावर मी वाचलेली बातमी

सोनगीरच्या शाळेत मी सातवीला नऊ वर्षं शिकवलं. पहिली तीन वर्षं सोडली, तर वर्तमानपत्राचा धडा मी दरवर्षी एकाच कात्रणापासून सुरू केला. कात्रण सहा ओळींचं आहे, दोंडाईच्याच्या एका जिनला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला, लागलेल्या आगीचं. समासात लाल पेन्सिलीनं एक कान काढलेला आहे. तो कुणी काढला, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. आता ती मुलंही बापमाणसं झाली आणि मलाही फार लपवण्यासारखं राहिलं नाही, म्हणून सांगतो.

मी मूळचा धुळ्याचा. ट्रेनिंग संपलं आणि लोकल बोर्डानं मला सोनगीरला टाकलं. मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती वर्षं. गावात दोन वर्तमानपत्रं यायची. एक धुळ्याचं साप्ताहिक आणि दुसरं मुंबईचं दैनिक, तेही दोन दिवस शिळं. आग्रा रोडवरून जाणारी सर्व्हिस मोटार गावाच्या तोंडाशी थांबायची, क्लीनर गठ्ठा खाली टाकायचा आणि कुणीतरी तो थेट माझ्याकडे आणून द्यायचं. पेपर वाचणं हे गावात मास्तरचं काम होतं. संध्याकाळी तांबटांची ठोकठोक थांबली की माणसं मारुतीच्या पारावर जमायची आणि मी वाचायला बसायचो.

वाचायचो असं आपलं म्हणायचं. छापील मराठी पारावर चालत नसे. सुरुवातीला मी सरळ वाचून पाहिलं, तर एक आबा म्हणाले की पोथी झाली, आता बातमी सांग. तेव्हापासून मी ओळ मनात वाचायचो आणि तिची अहिराणी करून तोंडानं सांगायचो. धुळ्याच्या माणसाला आपली बोली इतकी चांगली येते याचं गावाला कौतुक होतं, आणि गावापेक्षा जास्त मला होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली घ्यायचा, हे मला कळायला लागलं होतं. पाच ओळींच्या बातमीवर मी लोकांना अर्धा अर्धा तास बसवून ठेवत असे.

वर्गात मात्र मी याच पेपरच्या बाबतीत फार कडक होतो. डोळ्यात आणि कानात चार बोटांचं अंतर, असं आपण म्हणतो. ते अंतर मोजायला मी मुलांना शिकवायचो. बातमीतलं एकेक वाक्य घ्यायचं. लिहिणाऱ्यानं ते स्वतः पाहिलं असेल तर समासात डोळा काढायचा. दुसऱ्याकडून ऐकलं असेल तर कान. आणि तसं व्हावं अशी त्याची इच्छा आहे किंवा कुणावर त्याचा राग आहे, म्हणून लिहिलं असेल, तर पोट. पोटाला मुलं एक वाटोळं काढून मध्ये बेंबीचा ठिपका द्यायची आणि हसायची. शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी हे विचित्र चित्र पाहून भुवया वर केल्या होत्या. क्रमिक पुस्तकात हे कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं. मी उलट उत्तर दिलं. माझा स्वभावच तसा होता.

एकदा मी लांबच्या एका गावातल्या एकाच मिरवणुकीच्या दोन बातम्या वर्गाला दिल्या. एका पेपरात होतं की जमाव बेफाम झाल्यामुळे पोलिसांचा निरुपाय झाला. दुसऱ्यात होतं की शांत मिरवणुकीवर पोलीस तुटून पडले. वर्गानं पहिल्याला धडाधड पोटं काढली आणि दुसऱ्याला डोळे. पोरांची मनं कुणाकडे होती हे सांगायला नको, माझंही तिकडेच होतं. एका मुलीनं मात्र दोन्हीकडे कान काढले. दोन्ही बातमीदारांनी बातमी धुळ्यात बसून लिहिली आहे, वर तसं छापलंच आहे, मग तिथं डोळा कुठला, असं तिचं म्हणणं. पोरं तिच्यावर ओरडली. मी तिची बाजू घेतली आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, की जी बातमी आपल्याला आवडते तिच्यात पोट आधी शोधावं. ते वाक्य मी आठवडाभर पुसू दिलं नाही.

ही मुलगी मुकादमांची. सारं गाव त्यांना नाना म्हणायचं. दिवाळी झाली की नाना गावातली तीस-चाळीस माणसं घेऊन दोंडाईच्याच्या जिनांवर जायचे. कपाशीचा हंगाम संपेपर्यंत मुक्काम तिकडेच. माणसं म्हणजे घरंच्या घरं, आईबापांबरोबर पोरंही. एकवीस मुलांचा माझा वर्ग कार्तिकात तेरावर यायचा. यावरून मी नानांशी एकदा चारचौघांत भांडलो होतो. तुमची मुलगी बाकावर आणि दुसऱ्यांची मुलं सरकीच्या धुळीत, हा कुठला न्याय, असं मी म्हणालो. नाना तंबाखू मळत शांतपणे म्हणाले होते की मी नेलं नाही तर हीच माणसं दुसऱ्या मुकादमाबरोबर जातील, आणि तो त्यांना उघड्यावर निजवील. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणूनच तो राग माझ्या मनात राहिला.

त्या वर्षी पौषात धुळ्याच्या साप्ताहिकात ती सहा ओळींची बातमी आली. दोंडाईच्याला एका जिनमध्ये आग लागून रुईचा मोठा साठा जळाला, मनुष्यहानी नाही, आगीचे कारण समजलेले नाही, सोनगीरकडील एका मुकादमाच्या बिडीमुळे ती लागली असावी असे काही लोक म्हणतात. मी पारावर ओळ मनात वाचली, डोकं वर केलं आणि सांगितलं:

"आपला नानानी बिडी फेकी, नि जिन जयी गया."

कारण समजलेलं नाही, हे मी गिळलं. काही लोक म्हणतात, हेही गिळलं. मुद्दाम केलं का, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर वर्गातली रिकामी बाकं होती, एवढं नक्की आठवतं. आणि माझं बोलणं झाल्यावर पारावर जी शांतता पसरली ती मला आवडली, हेही आठवतं.

नाना बिडी ओढत नसत. ते तंबाखू मळायचे. हे मला माहीत होतं आणि पारावर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की तिकडे गेल्यावर ओढत असतील, आणि तेवढ्यावर गावाचं समाधान झालं.

चार दिवसांनी जळालेल्या जिनवरची माणसं परत आली. त्यात एक म्हातारी बाई होती, आग लागली तेव्हा यंत्राजवळच कापूस निवडत बसलेली. तिनं विहिरीवर सांगितलं की कपाशीतून यंत्रात खडा गेला, ठिणगी उडाली आणि रुईनं पेट घेतला. नाना तेव्हा बाहेर बैलगाड्या उतरवून घेत होते. तिनं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण पेपरात आलंय म्हणून बायका तिलाच समजावू लागल्या.

"तुले काय समजस माय, पेपरम्हा उनं."

म्हातारी दोन दिवस भांडली. तिसऱ्या दिवशी ती म्हणू लागली की धुरात आपल्याला नीट दिसलं नसेल. पुढच्या आठवड्यात तीच बिडीची गोष्ट सांगत होती, आणि आपण तिथंच होतो असंही वर सांगत होती. मी हे ऐकलं आणि गप्प बसलो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे मी मुलांना निबंधात लिहायला शिकवत असे.

नाना गावात आले तेव्हा त्यांच्याशी कुणी वाईट बोललं नाही. फक्त उरलेल्या हंगामासाठी दुसऱ्या जिनवर जायला त्यांनी माणसं विचारली, तर एकेक घर काही ना काही सबब सांगू लागलं. कुणाची म्हैस व्यायला झाली होती, कुणाला पाहुणे येणार होते. मग धरणगावकडचा एक मुकादम आला आणि तीच घरं त्याच्याबरोबर निघून गेली. मुकादमाजवळ जमीन नसते, दुकान नसतं. त्याच्या शब्दावर माणसं घर सोडतात, एवढीच त्याची मिळकत. ती मी एका वाक्यात संपवली होती. मुलंही पूर्वीसारखीच गेली, माझी बाकं रिकामीच राहिली.

मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. नवव्या दिवशी आली आणि मधल्या सुट्टीत कपाटातले जुने पेपर मागू लागली. धड्यासाठी मी ते जपून ठेवत असे. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. तिनं तो अंक शोधला, जमिनीवर पसरला आणि बोटानं ओळ धरून सहा ओळी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. माझी लाल पेन्सिल मागून घेतली, शेवटच्या ओळीजवळ कान काढला आणि अंक माझ्या टेबलावर ठेवला. वर्गात दुसरं कुणी नव्हतं.

"पेपरम्हा निस्ता कान शे, मास्तर," ती म्हणाली. "पोट तुम्हनं शे."

तेरा-चौदा वर्षांची पोर. आवाज चढवला नाही, रडली नाही. गणिताचं उत्तर सांगावं तसं सांगितलं. मला शरम वाटली आणि त्याच वेळी तिचा रागही आला, हे लिहून ठेवतो. मी तिला म्हणालो की घंटा होईल, जागेवर बस.

त्यानंतर तीन आठवडे मी भित्रेपणा केला, पण त्याला कामाचं रूप दिलं. साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं की आपली बातमी चुकीची आहे, खुलासा छापावा. त्यांचं कार्ड आलं. आम्ही काही लोक म्हणतात एवढंच छापलं होतं आणि काही लोक म्हणत होते हे खरं आहे, तेव्हा खुलासा कशाचा करायचा? त्यांचं चुकलं नव्हतं. चूक धुळ्यात नव्हे, आमच्या पारावर झाली होती आणि ती मलाच निस्तरायची होती.

एका संध्याकाळी मी तो जुना अंक घेऊन पारावर गेलो. त्या दिवशी पार अर्धाही भरलेला नव्हता. धरणगावच्या मुकादमाबरोबर गेलेली घरं जिनांवर होती आणि बाकीचे बरेच जण रब्बीच्या राखणीला शेतावर होते. मी सहा ओळी छापल्या होत्या तशाच वाचल्या, अक्षर न बदलता. मग सांगितलं की यात नानांनी बिडी टाकली असं कुठंही नाही, ते मी माझ्या मनानं घातलं, मला त्यांचा राग होता. कुणी रागावलं नाही. एक आबा म्हणाले की जाऊ दे मास्तर, जळायचं ते जळलं, आजचा पेपर वाच. मला वाटलं होतं गाव मला फाडून खाईल. त्यांना ही गोष्ट जुनी झाली होती.

नाना एका बाजूला उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हातातली तंबाखू खाली टाकून दिली.

"पहिले वाचं तवय बठ्ठा व्हतात, मास्तर. आते कोन शे?"

एवढं बोलून ते घराकडे गेले. पंधरा दिवसांत त्यांनी बिऱ्हाड आवरलं. दोंडाईच्याहून गाडी धरून सुरतेकडे जायचं ठरलं, तिकडच्या गिरणीत त्यांचा कुणी नातेवाईक होता. नाना मुकादम म्हणून जात नव्हते, साधे मजूर म्हणून जात होते. मुलीच्या सातवीच्या फायनल परीक्षेला दोन महिने उरले होते. परीक्षेपुरतं तिला इथं ठेवा, माझ्या घरी राहील, माझी आई आहे, असं मी त्यांना जाऊन सांगितलं. नाना नाही म्हणाले नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही म्हणून.

जायच्या आदल्या दिवशी ती शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. मी नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक, सगळं सुवाच्य अक्षरात भरलं. वर्तणुकीपुढे फार चांगली असं लिहिलं. मग शाळा सोडण्याचं कारण असा रकाना आला. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, वडील परगावी गेल्यामुळे.

तिनं उभ्या उभ्या दाखला वाचला. वाचताना तिचं बोट प्रत्येक ओळीवर थांबत होतं, मीच लावलेली सवय. त्या रकान्याशी ते बोट राहिलं.

"इतलंच लिखं का, मास्तर?"

मी म्हणालो की रकाना लहान असतो, त्यात एवढंच मावतं. तिनं दाखल्याची घडी केली, पाया पडली आणि निघून गेली. तिनं पुढं परीक्षा दिली की नाही, मला कधी कळलं नाही. पुढे मी असे शेकडो दाखले लिहिले. तो रकाना चांगला दोन ओळींचा असतो.