बोटभर काच

अगं, सरक इकडे, अशी जवळ बस. कागदावरून का होईना, कान माझ्या तोंडाशी आण. गेल्या उन्हाळ्यात माझ्या जुन्या गाडीत बसलीस आणि सख्खी भाची असून परक्यासारखं नाक मुरडलंस: "मावशी, एसी चालू आणि काच उघडी? हे कसलं खूळ?" विचारलंस ते बरं केलंस, उत्तर ऐकायला थांबली नाहीस, ते काही बरं नाही.

वैशाखातली दुपार म्हटली की निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा उग्र, उबट दर्प आजही माझ्या श्वासात उतरतो. वाऱ्यानं पान वाळतं, त्याचा चुरा होतो, म्हणून खिडक्या बंद. कौलांच्या फटींतून उतरणाऱ्या प्रकाशशलाकांत सोनेरी धूळ तरंगायची, दिसायला किती देखणी, आणि तीच धूळ गिळत आम्ही बायका नाकाला पदर बांधून पानं निवडायचो. अशाच एका दुपारी आई, म्हणजे तुझी आजी, पानांच्या ढिगावर कोसळली. मी बाहेर धावले. लिंबाच्या सावलीत मालकांची परदेशी गाडी घुरघुरत उभी होती. थंड हवा देणारी तेवढी एकच गाडी आमच्या पाहण्यातली. आत मालक एकटेच. मी काचेवर थापा मारल्या, आईला दवाखान्यात न्या म्हणून विनवलं. काच बोटभर खाली आली. अत्तरानं भिजलेली एक शीतल झुळूक माझ्या घामेजल्या गालावर आली आणि तिच्या पाठोपाठ शब्द आले, "काच उघडली की गारवा जातो. बैलगाडी बघा." काच वर गेली.

आई वाचली. बैलगाडीतून, उन्हातून, माझ्या पदराच्या सावलीत वाचली. पण ती झुळूक माझ्या गालावरून गेली नाही. माणसं देवाला नवस बोलतात, मी त्या काचेला बोलले: एक दिवस मी आत बसेन आणि तुझा मालक बाहेर.

वर्षं लोटली. मालकांनी नवी गाडी घेतली, जुनी फिरत फिरत दत्तूच्या, माझ्या धाकट्या भावाच्या, हमरस्त्याकडेच्या गॅरेजात आली, आणि साठवलेल्या पैशांतून मी ती घेतली. तिचं थंड हवेचं यंत्र मेलं होतं. कंप्रेसर पार जाम. दत्तू म्हणाला, "आक्का, ह्ये काढून टाकू. नुसतं वझं."

"काढायचं न्हाय. दुसरा बसव."

"निपाणीत बर्फाचा कारखाना काढतीस व्हय गं?"

हसू दिलं त्याला. कोल्हापुरातल्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा कंप्रेसर त्यानं आणला. तो जुन्या बैठकीवर बसेना, तेव्हा लेथवर नवी बैठक घडवून घेतली, पट्टा चढवला, नळ्या जोडल्या, आतली हवा पंपानं ओढून काढली आणि गॅस भरला. जोडांवर साबणाचा फेस मी स्वतः लावला. कुठे बुडबुडा फुगतो का, हे मी असं न्याहाळत होते, की माझा राग कुठून गळतोय हेच जणू शोधत होते. एकही बुडबुडा आला नाही.

मग पुन्हा वैशाख पाहून आईला पुढे बसवलं, दत्तूनं गाडी हाकली, मी मागे राणीसारखी. मालकांचा बंगला संकेश्वरला. ते जवळ आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास बंद काचांतूनही आत झिरपला. मालकांच्या बंगल्यापुढे हॉर्न वाजवला. स्वतःच्या गाडीचा हॉर्न माणूस विसरत नाही. म्हातारे झालेले मालक काठी टेकत, अनवाणी, तापल्या फरशीवर आले. मी काच बोटभर खाली घेतली. शब्द तयार होते. इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेले.

मालक गारव्याशी गाल आणून म्हणाले, "यंत्र चालतंय अजून?"

मी तोंड उघडणार, तोच पुढून आई करवादली, "बंद कर रं दत्तू, हाडं गारठली माझी!" आणि तिनं आपली काच गरागरा पार खाली फिरवली. सगळा गारवा भसकन बाहेर पडला. आई मालकांकडे पाहून अगदी शांतपणे म्हणाली,

"मालक, काच उघडली बघा. गारवा गेला. कोन मेलं न्हाय."

मालकांना ती दुपार आठवली की नाही, कोण जाणे. गारव्याशी आणलेला गाल मात्र त्यांनी मागे घेतला, आणि ते पाहून मला जे सुख झालं, ते लपवायला मी काही संत नाही. पण परतीच्या वाटेवर उसाच्या पाल्याचा गरम वारा केसांत घेत असताना वाटलं, त्या दुपारी भोवळ येऊन पडलेल्या आईच्या कानांवर ते शब्द पोचलेच कसे? की मीच इतकी वर्षं झोपेत बडबडत होते? विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

लवकर ये गं. आजी वाट बघते. पुढची जागा तिची, तू मागे माझ्याजवळ बस. आणि काचेला हात लावू नकोस.